वाटेचे मांडे

आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्यांच्या दोन चवडी असत. मोठी चवड घरच्यांसाठी, आणि पांढऱ्या फडक्यात वेगळी बांधलेली लहान चवड वाटेची. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी ते लहान गाठोडं पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "गावाला कोण निघालंय?" चुलीभोवतीच्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातावरचा मांडा खापराऐवजी राखेत पडला.

"वाटमा खावाना नहीत वं बाई," सासूबाई म्हणाल्या. "नानास्ना वावरमातीन आपली गाडी जास ना, त्याना शेत."

मी मान डोलावली. तेव्हा मी सगळ्यालाच मान डोलवायची. मी कऱ्हाडच्या खालची, कृष्णाकाठची. वडील रेल्वेत मुकादम होते. बदल्या होत होत पाचोऱ्याला आले, तिथं माझ्या सासऱ्यांशी ओळख झाली, आणि त्या ओळखीवर माझं लग्न भडगावजवळच्या या गावात ठरलं. मी मराठी तिसरी पास होऊन चौथीत बसले होते. त्यानंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. इथं आले तर इथलं बोलणंच कळेना. 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळा, एवढं कळायलाच पावसाळा गेला. कुणी काही बोललं की मी हो म्हणायची आणि मग आठवत बसायची, की आपण नक्की कशाला हो म्हटलं? त्यातून एकदा बैलांना एकाच संध्याकाळी दोनदा सरकी घातली गेली. आबा, म्हणजे माझे सासरे, गोठ्यातून आले आणि म्हणाले, "आज बैलस्नी दिवाई व्हई गयी." बस, एवढंच. रागावले नाहीत. माझ्या माहेरी यावरून चार दिवस बोलणी बसली असती.

सासूबाईंना सगळा गाव अक्का म्हणे. त्यांनी मला मांडे शिकवले. आमच्याकडे पुरणपोळी पोळपाटावर लाटून तव्यावर टाकतात. इथं लाटणं नाहीच. सपिठाची मऊ कणीक, आत पुरण, आणि तो गोळा दोन्ही हातांवर असा झुलवत झुलवत मोठा करायचा की तो कोपरापर्यंत उतरला पाहिजे. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद पसरायचा. माझा पहिला मांडा पाहून अक्का म्हणाल्या, "हाई मांडा शे का बैलनं पाऊल?" दुसरा फाटला. तिसऱ्याच्या वेळी त्या मागून आल्या आणि माझी दोन्ही मनगटं धरून त्यांनी स्वतःच झुलवली. त्यांचे हात खरखरीत होते. आईचा हात सोडून इतके दिवस झाले होते की मला त्या धरण्यानंच रडू आलं. अक्कांना वाटलं, धूर लागला.

आता वाटेचं सांगते.

आमची दोन वावरं होती. एक गावाला लागून. दुसरं मागचं, काळ्या कसदार मातीचं, त्याच्यावरच घर चालायचं. पण त्या मागच्या वावराच्या एका अंगाला खोल नाला आणि दुसऱ्या अंगाला नानांचं शेत. नाना म्हणजे गावातले एक वयस्क शेतकरी, नात्याचे नाहीत पण नात्यासारखे. नाल्यातून माणूस उतरून जाईल, गाडी कशी जाणार? म्हणून आमची गाडी नानांच्या शेतातून, बांधाच्या कडेनं जायची. उन्हाळ्यात खत घेऊन आत, दिवाळीनंतर कापूस घेऊन बाहेर. सारा नाना भरायचे, तलाठ्याच्या दप्तरात नाव नानांचं, आणि त्या मातीवर चाकोरी आमची. मला हे फार चमत्कारिक वाटायचं. जमीन म्हणजे एकाची, तिच्यात दुसऱ्याचं काही नसतं, अशी माझी समजूत. एकदा धीर करून आबांना विचारलं, ती वाट आपली की नानांची? आबा बैलाच्या मानेला तेल चोळत होते. म्हणाले, "जमीन त्यासनी. जानं आपलं."

आखाजी म्हणजे आमच्याकडे शेतीच्या सालाची सुरुवात. त्या दिवशी मुहूर्ताची खताची पहिली गाडी त्या वाटेनं जायची आणि नानांच्या घरी मांडे जायचे. ही रीत आबांच्या वडलांपासूनची. मांडे घेऊन घरातल्या सुनेनं जायचं. म्हणजे मीच.

पहिल्यांदा गेले तेव्हा नानांची बायको, नानी, ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. मी गाठोडं पुढे केलं आणि उभीच राहिले.

"बस ना वं. कोठेनी शे तू?"

"साताऱ्याकडची."

"ते कोठे ऱ्हास?"

मी हात लांब करून कुठंतरी दक्षिणेला दाखवलं. नानींनी त्या दिशेला पाहिलं, जणू तिथं काही दिसणार होतं. "तठे बी नदी शे का?"

"कृष्णा."

"मंग आते गिरणानं पानी पी. नदी नदीना फरक नही पडत, तान लागनी म्हंजे झालं." आणि माझ्या फडक्यात त्यांनी ओंजळभर शेवया बांधल्या. रिकामं फडकं त्या घरून कधी परत आलं नाही. पुढे मी आखाजीचीच वाट बघायची असं नाही. पोटुशी होते तेव्हा, माहेरचा निरोप आला नाही तेव्हा, अक्कांशी खटकलं तेव्हा, मी नानींच्या ओट्यावर. परमुलखात मला आपण होऊन बस म्हणणारं ते दुसरं घर होतं. त्याचे उपकार मी कशानं फेडणार होते?

नाना गेले ते दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी. त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, हुशार आणि धडपड्या. त्यानं शेतात विहीर खणली, पाणी लागलं, आणि तिकडे तापीच्या अंगाला लोक केळी करतात तशी आपणही करायची असं त्यानं मनात घेतलं. नवरात्र उलटल्यावर एके दिवशी आमचे 'हे' शेतातून परत आले ते तोंड पडूनच. भाऊनं चाकोरीवरून नांगर फिरवला होता आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. मागच्या वावरात कापूस फुटायला लागलेला.

आबा स्वतः गेले. भाऊ तोडून बोलला नाही, पण ऐकलंही नाही. "आबा, नाना व्हतात तवय चालनं. आते माले आठे केळीना मया करना शे. डोकावर लई जा कापूस, पायवाटले मी नही म्हनत नही."

कापूस डोक्यावर! बायका लावून पहिल्या वेचणीचा माल आम्ही नाल्यातून काढलाही. पण खत डोक्यावर किती जाणार? आणि 'हे' म्हणाले ते खरं होतं: गाडी जात नाही त्या वावराला वावर कोण म्हणेल? उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक मातीआधी वाटच विचारतं.

जळगावला एक वकील आबांच्या ओळखीचे होते. माझ्या धाकट्या मुलीचे डोळे आले होते, ते दवाखान्यात दाखवायचे म्हणून मीही आबा आणि 'ह्यांच्याबरोबर' गेले, आणि वकिलांच्या ओसरीवर कोपऱ्यात पोरीला घेऊन बसले. वकील मोठे समजावून सांगणारे. ते म्हणाले, "हे पाहा, मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी. दुसऱ्याच्या जमिनीवरून तुम्ही उघडपणे, तंट्याशिवाय, आपला हक्क समजून वीस वर्षं सलग जात असाल, तर ते जाणं हाच तुमचा हक्क होतो. मालक मेला, जमीन विकली, तरी तो जमिनीबरोबर चालत राहतो. तुमची वाट किती वर्षांची?"

"मना बाप पासून," आबा म्हणाले.

"मग घाबरता कशाला? वाट अडवल्याला सहा महिने व्हायच्या आत मामलेदारांकडे अर्ज द्यायचा. ते येऊन पाहतील आणि काट्या काढायला लावतील."

आबांचा चेहरा उजळला. वाटेबद्दल बोलताना ते नेहमी मोकळे व्हायचे, तसे झाले, आणि म्हणाले, "आम्ही काय आडदांडपना करी नही जात, वकीलसाहेब. दरसाल आखाजीले मांडे दी, इचारी जातस."

वकिलांनी चष्मा काढला. "विचारून?"

"हां. रीत शे."

"अहो आबा, विचारून गेलात की तो हक्क होत नाही, ती मालकाची मेहेरबानी होते. मेहेरबानी शंभर वर्षं केली तरी मेहेरबानीच. ज्यानं दिली तो काढून घेऊ शकतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मांड्यांचं तिथं कुणी काढलं नाही तर तुम्ही काढू नका. आणि यापुढे एक मांडासुद्धा त्या घरी जाता कामा नये."

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मांडे कोण नेत होतं? मी. इतकी वर्षं माया म्हणून ज्या हातांनी गाठोडं नेलं, त्याच हातांनी मी दर आखाजीला घराचा हक्क उचलून दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून येत होते की काय? घरी आल्यावर अक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू काय करशी? मी बी लई जायेल शे, मन्ही सासू बी." पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. 'हे' आबांना म्हणाले, "मांडास्नं नाव काढू नका तठे." आबा म्हणाले, "इचारं तं सांगसू."

अर्ज दिला. मामलेदारांकडून तारखेचा कागद आला तो मीच वाचून दाखवला, दोनदा, बोट ठेवून ठेवून. पाहणी जागेवरच होती. त्या दिवशी नानांच्या शेतातल्या निंबाखाली घोंगडी टाकली होती. मामलेदार, त्यांचे कारकून, पाटील, पाच पंच, आणि बांधावर अर्धा गाव. बायका बांधाच्या पलीकडे. अक्का आणि मी त्यांच्यात. नानी आमच्यापासून थोड्या लांब बसल्या होत्या. काट्या लागल्यापासून मी त्यांच्या घरी गेले नव्हते आणि त्या आमच्याकडे आल्या नव्हत्या. एकदा नदीवर समोरासमोर आलो तर दोघी लुगडी बडवत बसलो.

पंचांनी सांगितलं की हो, गाडी जाताना आम्ही लहानपणापासून पाहतो. मामलेदार लिहून घेत होते. मग भाऊ उभा राहिला. त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही, हे मी आजही म्हणेन.

"साहेब, गाडी जास हाई खरं शे. पन ह्या आम्हले इचारी जातस. दरसाल आखाजीले मांडे लई येतस, मंग जातस. मन्ही मायले इचारा, ती शे तठे."

मामलेदार आबांकडे वळले. "खरं आहे का हे?"

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "खरं शे साहेब."

'ह्यांनी' मान खाली घातली. मामलेदारांनी नानींना पुढे बोलावलं. नानी पदर सावरत आल्या आणि त्यांच्यासमोर न बसता निंबाच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्याकडे यांचे मांडे येतात?"

"येतस."

"कोण आणतं?"

नानींनी बांधाकडे बोट केलं. "ती सातारावाली." सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता माझ्यावर येणार, आणि मी काय सांगू? मी त्यांना कधी विचारलं होतं की नव्हतं? मी तर नुसती जाऊन बसायची.

"मग मांडे देऊन ही गाडीची परवानगी मागते?"

नानींना प्रश्न कळला नसावा. "कसानी परवानगी? गाडी तं कधयनी जाई चुकेल ऱ्हास."

मामलेदारांनी लेखणी थांबवली. "म्हणजे? आधी गाडी जाते?"

"साहेब, तुम्ही कोठला शेत?" बांधावर हशा पिकला. पाटलांनी दटावलं, पण नानींचं त्याकडे लक्ष नव्हतं. "आखाजी शे ती. त्या दिन पितरेसले जेवू घालतस. घागर मांडीसन, आगारी पाडीसन, पितरे जेवतस, तवलोंग घरमातीन घास बी बाहेर देता येस नही. मांडा माले येस तो डोकावर ऊन उनं म्हंजे. गाडी तं तांबडं फुटस तवय जास. मी अंगनमा सडा टाकस नि माले चाकं ऐकू येतस."

आगारी म्हणजे पितरांच्या नावानं विस्तवात टाकतात तो घास. मामलेदारांना पाटलांनी ते समजावलं. आमच्याकडे कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. आबांना वाटायचं, बायका जाऊन विचारून येतात. बायकांना वाटायचं, पुरुषांनी विचारलं असेल. आणि मांडे तर दुपारशिवाय कधी घराबाहेर पडले नव्हते. म्हणजे गाडीआधी कुणी विचारायला गेलंच नव्हतं.

"मग ते मांडे कशाचे, बाई?"

"मांडे मांडास्ना! सनना दिन शे, शेजारले द्याना का नही? मी बी देस. तिले इचारा, कधय रिकामं फडकं धाडं का मी?"

"माय!" भाऊ ओरडला.

"माय काय माय? तूच बलायं ना माले?"

आता तर मामलेदारही हसले. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि भाऊला जवळ बसवून विचारलं की तुझी अडचण नक्की काय आहे. तेव्हा कुठं त्याच्या मनातलं बाहेर आलं. चिखल झाला की आमची गाडी चाकोरी सोडून हातभर आत शिरते, पुढच्या साली आणखी हातभर. वाट दर वर्षी फुगते, आणि त्याचे केळीचे कंद तिथंच लावायचे होते. आबांनी ऐकून घेतलं. "हाई खरं शे," ते म्हणाले. "मना ध्यानमा नही ऊनं."

मामलेदार म्हणाले, "मी हुकूम देतो तो फक्त काट्या काढण्याचा. हक्काचा निकाल दिवाणी कोर्टाचा, आणि तिथं तुमची दोघांची उमर जाईल. त्यापेक्षा वाटेची रुंदी ठरवा, दोन्ही बाजूंना दगड पुरा, आणि लिहून नोंदवून टाका. वाट दिली असा कागद झाला की पुढे कुणी विचारलं नि कुणी नाही, याचा कीस काढायला नको. पण वाट म्हणजे जाण्यापुरतीच. दगडाच्या बाहेर चाक गेलं तर तो तुमचा हक्क नव्हे, आबा."

भाऊ कितीतरी वेळ मातीत काडीनं रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "बांधले लागीसन द्यासू. एक गाडी जाई इतलीच."

"इतलीच," आबा म्हणाले.

कागद भडगावला नोंदवायला दोघं एकाच गाडीतून गेले, भाऊची बैलं आणि आबांची गाडी. घरी आणल्यावर तो मला वाचायला दिला. पहिल्यांदाच असा कागद वाचताना मला घोर लागला नाही.

पण खरी धास्ती मला वेगळीच होती. त्या दिवशी नानी स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलल्या होत्या, तेही अर्ध्या गावापुढे. त्यांच्या घरात आमच्यापायी काय झालं असेल? भाऊ त्यांच्याशी बोलत नाही, असं कानावर आलं होतं. कापूस गाडीनं घरी आला, होळी झाली, पण त्या ओट्यावर जायला माझा पाय उचलेना. वकिलांचा शब्दही मनात होता, एक मांडासुद्धा नाही.

आखाजीला अक्कांनी पुरण शिजवलं. मी खापराशी बसले. पहाटेच 'हे' खताची गाडी घेऊन गेले होते. घागर पुजली, आगारी टाकली, आणि अक्कांनी फडकं माझ्यापुढे टाकलं. मी आबांकडे पाहिलं.

आबांनीच ओळखलं. "कागद व्हयना ना आते? मंग भेव कसानं? हक्क लिखेल शे, मांडे लिखेल नहीत. जाय."

मी गेले. ओट्यावर भाऊ बसला होता, नानी आत. मी उंबऱ्याशी थबकले. त्यानं गाठोड्याकडे पाहिलं आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "वहिनी, आगारी पडनी ना? नहीतं परत मामलेदार येई."

मला आधी कळलंच नाही की तो थट्टा करतोय. आतून नानींचं हसणं ऐकू आलं तेव्हा मी गाठोडं ओट्यावर ठेवलं. त्या बाहेर आल्या, फडकं सोडलं, वरचा मांडा उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "एक बाजूले जाड शे. इतला वरीस व्हई गयात, तरी सातारा निंघत नही हातमातीन." अर्धा तोडून भाऊच्या हातात दिला. त्यानं तो उभ्या उभ्याच खाल्ला. मायलेकांचं बोलणं कधी सुरू झालं, ते मी विचारलं नाही.

निघताना तो म्हणाला, "आबासले सांगा, वयनवरला दगड सकाय तुम्हना चाकनी कलांडा. सवडमा या म्हना, दोन्ही मिळी बसाडू."

मी घरी येऊन निरोप सांगितला, की वळणावरचा दगड सकाळी आपल्या गाडीच्या चाकानं कलंडला, तो दोघांनी मिळून बसवायचाय. आबा जेवायला बसायच्या बेतात होते, ताटात आमरस वाढलेला. ते उठले, कोपऱ्यातली पहार घेतली आणि चालू लागले. अक्का दारापर्यंत ओरडत गेल्या, "सनना दिन शे, ताट वाढेल शे, दगड काय पळी जाई ऱ्हायना का?" आबांनी मागं न बघता हात हलवला. मी त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.